डावीकडून उजवीकडे

लियाकत परकारला कुराण वाचता येत नव्हतं. आखातातल्या रुवैसच्या त्या कामगार कॅम्पात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, आणि तिथे त्याची जी काही पत होती ती सगळी याच अज्ञानावर उभी होती.

त्याचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत तो सातवीपर्यंत शिकला. मशिदीत पहाटेच्या नमाजनंतर मुलांना कुराण शिकवायचे, पण बाप लवकर गेला आणि लियाकतच्या पहाटा चुलत्याच्या होडीत गेल्या. होडीतून सुटका झाली तेव्हा बरोबरीच्या मुलांचं कुराण एकदा पुरं वाचून झालं होतं. आता शिकायचं तर दुधाचे दात पडलेल्या पोरांच्या ओळीत बसून पहिल्या अक्षरापासून सुरुवात. तो बसला नाही. पुढेही, दर वर्षी लाज थोडी वाढत गेल्याने, बसला नाही. जे येत होतं ते आईकडून कानाने आलेलं. नमाजपुरत्या छोट्या सूरा, म्हणजे कुराणातले अध्याय, आणि कुणी वारलं की म्हणतात ती पूर्ण यासीन. आईलाही अक्षरओळख नव्हती. भाकऱ्या थापताना ती यासीन म्हणायची, आणि तो चुलीजवळ बसून तिच्या मागून म्हणायचा.

आखातात तो हेल्पर म्हणून आला. पुढे स्कॅफोल्डर झाला. आता पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्यांनी बांधलेली परांची तपासून तिच्यावर सुरक्षिततेचा हिरवा टॅग लावायचं काम त्याच्याकडे होतं. पांढरी दाढी, पाच वेळचा नमाज, कुणाच्या भांडणात नाही. बिहारी, बांगलादेशी, केरळी, सगळे त्याला चाचा म्हणू लागले. अन्वर नावाचा बिहारी सुतार झोपेतच गेला तेव्हा त्याच्या रूममधले लोक लियाकतकडे आले. "चाचा, आप यासीन पढ दीजिए." नाही म्हणता आलं नाही. त्याने पुस्तक हातात घेतलं, कुठलं तरी पान उघडलं, नजर खाली ठेवली आणि आईची यासीन म्हटली. लोक रडले. त्या दिवसानंतर त्याचं नाव झालं, आणि नाव झालं की ते सांभाळावं लागतं.

म्हणून रमजानमध्ये, साइटवरून लवकर सुटी होई तेव्हा, रोजा सोडण्याआधीचा अर्धा तास तो ब्लॉकबाहेरच्या बाकावर बसे. पुढे दुमडत्या लाकडी रेहलीवर कुराण उघडं. ओठांवर यासीन. ती संपली की पुन्हा यासीन. मध्येमध्ये पान उलटायचं. लिपी उजवीकडून डावीकडे जाते हे त्याला माहीत होतं, पुस्तक कुठल्या बाजूने उघडतं तेही. तो जपून असायचा. पण दिवसभर उन्हात राबलेल्या, पाण्याचा घोट न घेतलेल्या माणसाचं बोट किती वेळ ताब्यात राहणार? ते बोट मराठी शाळेतलं होतं.

त्याच्या वरच्या बंकवर सोमनाथ झोपायचा. गुहागरकडचा, सव्वीस वर्षांचा, केबल ओढायच्या गँगमध्ये. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, म्हणून कॅम्पात आल्या आल्या त्याचं शूटिंग सुरू व्हायचं. मेसमधली डाळ, दोरीवरचे कामाचे कव्हरऑल, बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेली माणसं. खात्याचं नाव 'रुवैसचा राजा'. चाचाचा रोजा असताना तो रूममध्ये पाण्याची बाटलीही उघडत नसे. इथंच पी म्हणून चाचाने शिव्या घातल्या तरी बाहेर जाऊन प्यायचा.

"चाचा, मान जरा वर करा. दाढीवर ऊन झकास पडलंय."

"रोजा आहे माझा, लगीन नाही."

"लगीनच समजा. मागनं लाखाची वरात येते बघा."

"तुझी वरात म्हाईत आहे. डाळीची फोडणी बघणारे सतरा जण. त्यातली चार तुझी मावसभावंडं."

"हसू नका, हसू नका! वाचत रहा."

लियाकतने वाचण्याचं सोंग चालू ठेवलं. नंतर सोमनाथने क्लिप दाखवली तेव्हा त्याने ती दोनदा पाहिली. दोन्ही वेळा दाढी पाहिली.

"टाकू?"

"टाक. नाव लिहू नको."

सोमनाथने ॲपमधून तिलावतीचा, म्हणजे कुराणपठणाचा, एक सुरेल आवाज शोधून मागे लावला, खाली लिहिलं 'आमच्या रूमचे चाचा', आणि जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. एरवी फोडणीला सतरा जण असत. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत क्लिप कराचीपासून क्वालालंपूरपर्यंत पोचली. खाली माशाल्लांची रांग लागली. गेटवरचा गार्ड उठून सलाम करू लागला. अनोळखी ब्लॉकमधली माणसं खजुराचे डबे घेऊन आली. घरून बायकोचा फोन आला.

"मुंब्र्याहून आपांनी पाठवला व्हिडिओ. तुम्ही कधी शिकलात?"

साऱ्या जगात हा प्रश्न विचारू शकणारं तेवढं एकच माणूस होतं.

"इथंच," लियाकत म्हणाला. "थोडं थोडं."

बायको फोनवर रडली. आनंदाने. त्यानंतर मागे फिरायची वाट बंद झाली.

पाचव्या दिवशी कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या माणसाने ती क्लिप उचलली, हळू केली आणि बोटाभोवती लाल वर्तुळ काढलं. बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरकत होतं. ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे. त्या माणसाचं म्हणणं सरळ होतं: हा म्हातारा वाचत नाही, नाटक करतोय. आवाज वरून लावलाय. आणि नाटक बसवणारा पोरगा कोण आहे ते त्याच्या खात्यावर जाऊन बघा. लोकांनी बघितलं. सोमनाथ नाव, कपाळाला गंध, घरच्या गणपतीसमोर ढोल वाजवतानाचा फोटो. पवित्र ग्रंथाची टिंगल, असा निकाल संध्याकाळपर्यंत लागला. माशाल्लांच्या जागी शिव्या आल्या आणि इथल्या पोलिसांच्या खात्याला टॅग करणं सुरू झालं. तिकडे महाराष्ट्रात एका पेजने 'आपल्या पोराला आखातात छळतात' म्हणून तीच क्लिप चढवली. त्याखालच्या विखारी मजकुराचे स्क्रीनशॉट इकडे आले. दोन्हीकडच्या माणसांनी सोमनाथला कधी पाहिलं नव्हतं. या देशात धर्माचा अवमान ऑनलाइन केला तर तुरुंग आहे, हे कॅम्पात सगळ्यांना पाठ होतं. कामावर रुजू होताना पहिल्याच दिवशी ते ऐकवतात.

चौकशीला अबू धाबीच्या ऑफिसमधून स्मिता आली. एचआरची, मूळची ठाण्याची, इथेच वाढलेली. सोबत सेफ्टीचे इंजिनिअर हातिम, जॉर्डनचे, साठीकडे झुकलेले. ते कोपऱ्यात बसले. सोमनाथचा फोन टेबलावर होता.

"काका," स्मिता लियाकतला म्हणाली, "मला फक्त एक क्लिअर करा. तुम्ही त्या वेळी खरंच वाचत होतात? की ह्याने तुम्हाला तसं बसायला सांगितलं?"

"वाचत होतो."

"मग बोट असं उलटं का?"

खरं उत्तर चार शब्दांचं होतं. लियाकतच्या डोळ्यांपुढे अन्वरची खोली आली, खजुराचे डबे आले, फोनवर रडणारी बायको आली.

"मोबाईलनं उलटं दाखवलं असेल," तो म्हणाला. "हल्ली ते करता येतं म्हणतात."

सोमनाथने चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याने काही उलटं केलं नव्हतं. पण चाचा खोटं बोलतील ही शक्यता त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. चाचा वाचतात. म्हणजे बोट सरळच असणार. म्हणजे गडबड व्हिडिओत. म्हणजे आपल्याच हातून.

"असेल मॅडम," तो म्हणाला. "एडिटिंगमध्ये काहीतरी दाबलं गेलं असेल माझ्याकडनं."

"शुअर?"

"चाचा सांगतायत ना. मग तसंच असणार."

स्मिताने ते टाइप केलं: कुराणपठणाच्या व्हिडिओत फेरफार केल्याचं कर्मचारी मान्य करतो. सोमनाथने सही केली. सही करताना तो चाचाकडे बघून थोडा हसला, सुटलो असं वाटून.

दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास काढून घेतला. व्हिसा रद्द करून घरी पाठवायचं ठरलं.

त्या दुपारी लियाकत एकटाच हातिमच्या केबिनमध्ये गेला. मोडक्या इंग्रजी-हिंदीत म्हणाला, साहेब, मला वाचता येत नाही. पोराने काही केलं नाही.

हातिमना ते खरं वाटलं नाही. पोराला वाचवण्यासाठी म्हातारे असं बोलतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कपाटातून कुराण काढलं, मधलं एक पान उघडून समोर ठेवलं आणि बोटाने खूण केली: वाच.

येत नाही म्हणून सांगायला आलेला माणूस, पण पुस्तक समोर आल्यावर त्याला गप्प बसवेना. इतक्या वर्षांची सवय. त्याने ओळीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं, या वेळी अगदी नेमकं, आणि सुरू केलं. अक्षर चुकत नव्हतं. आईची यासीन. हातिमनी डोळे मिटून ती पुष्कळ वेळ ऐकली. मग हलक्या हाताने पुस्तक मिटलं.

"हे पान सूरा मरियमचं आहे," ते म्हणाले.

लियाकतने मान खाली घातली.

"कुणी शिकवलं?"

"आईनं."

"चांगलं शिकवलं." त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं. मग खुर्चीत बसून, परांचीचा बोजा समजावावा तसं सांगितलं. मुलाने सही केलीय. फाइल पुढे गेलीय. आत्ता हे प्रकरण म्हणजे फक्त घरचं तिकीट आहे. मी ते पुन्हा उघडलं तर चौकशी होईल, ती कंपनीच्या हातात राहणार नाही. त्याचा फोन तपासतील, त्याच्या गावच्या लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचतील. जाऊ दे त्याला. आणि त्याला हे सांगूही नकोस. तो तरुण आहे, चिडेल, पुन्हा व्हिडिओ टाकेल. "खलास," ते म्हणाले. "यातली सगळ्यात दयेची गोष्ट हीच आहे."

हे कारण लियाकतला पटलं. ते पटावं अशी त्याची इच्छाही होती.

सोमनाथ कंपनीच्या व्हॅनने विमानतळावर गेला. बॅग भरताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. ज्यांच्या तोंडावर त्याने मोबाईल धरून हसवलं होतं, ती माणसं वाटेतून बाजूला सरकली. व्हॅनच्या दारापाशी तो लियाकतच्या पाया पडला.

"माझ्यामुळं तुमच्या पुस्तकाला बोल लागला, चाचा. मनात ठेवू नका."

"अरे, तू काय..." लियाकत म्हणाला.

"घरी गेलो की तुमच्याकडंही जाऊन येतो. चाचींना काय द्यायचंय?"

लियाकतकडे गार्डने दिलेला खजुराचा डबा होता. तो त्याने दिला. व्हॅन गेली.

कॅम्पातल्या लोकांनी लियाकतला सांभाळून घेतलं. मेसमध्ये त्याला पहिली जागा देऊ लागले. "चाचा, दिल पे मत लीजिए, उसको सजा मिल गई." प्रत्येक जण हेच म्हणायचा. तीन-चार दिवस त्याने ते ऐकलं. मग एका संध्याकाळी, फळांची ताटं मांडून सगळे अजानची वाट बघत बसले असताना, तो उठून उभा राहिला.

"सुनो सब लोग," तो म्हणाला. "उस लडके ने कुछ नहीं किया. मुझे कुरान पढना आता ही नहीं. जो आता है वो मुँहजबानी है. मैं बैठ के दिखावा करता था."

अन्वरचा रूममेट होता तो उठला, त्याचे डोळे भरले होते. त्याने लियाकतला मिठी मारली.

"देखो," तो वळून सगळ्यांना म्हणाला, "देखो इस आदमी का दिल. जिसने बदनाम किया, उसी को बचाने के लिए अपने ऊपर ले रहा है."

"नहीं भाई, सच बोल रहा हूँ. अन्वर के टाइम भी मैं पढ..."

"बस चाचा, बस. हमने खुद सुना था." त्यांनी त्याला धरून बसवलं. कुणी हातात पाण्याचा ग्लास दिला, कुणी खजूर. अजान झाली. तोंडात खजूर असलेल्या माणसाला पुढे बोलता येत नाही.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ते शूट केलं होतं. आठवड्याभरात ती क्लिप बायकोकडून लियाकतच्या फोनवर आली, सोबत फुलं आणि माशाल्ला. त्याने ती लावली. उभा राहिलेला तो दिसत होता, हात हलत होते, ओठ हलत होते. शब्द ऐकू येत नव्हते. त्यांच्यावर तिलावत लावली होती, सोमनाथने निवडली होती तीच, तोच सुरेल आवाज. खाली मोठ्या सोनेरी अक्षरांत अरबीत एक ओळ होती. काय लिहिलंय ते त्याने कुणाला विचारलं नाही.

सोमनाथला त्याने तो व्हिडिओ पाठवला नाही. स्वतःच्या आवाजात एक मेसेज बोलायला घेतला, तीन वेळा पुसला, चौथ्यांदा सगळं सांगून पाठवला. संध्याकाळी पाहिलं तर दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या. उत्तर नव्हतं.

तो हातपाय धुऊन बाहेर आला. बाक रिकामा होता, हल्ली त्यावर दुसरं कुणी बसत नसे. कुणीतरी रेहल आधीच मांडून ठेवली होती, वर पुस्तक, शेजारी स्वच्छ रुमाल. समोरच्या ब्लॉकच्या पायऱ्यांवर चार-पाच जण ऐकायला येऊन बसले होते. रोजा सुटायला अर्धा तास होता. लियाकत बसला आणि त्याने पुस्तक उघडलं.