पडलं की उतरलं

माझी थोरली बहीण दुसऱ्यांच्या चुकांवर जगली. चौतीस वर्षं तिनं छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथे तिला सगळे काना-मात्राबाई म्हणायचे, तेही तोंडावर, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. मी तिला ताई म्हणते. आम्ही दोघीच असतो. मागणी घालणाऱ्यांच्या पत्रांत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं तिला खपलं नाही, आणि मला कुणी पत्रच लिहिलं नाही. मी शिवणकाम करते. मागच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन, शेजारी तिची वेताची खुर्ची, आणि बाहेर परस: नळ, कपडे धुवायचा दगड, कपडे वाळत घालायची तार आणि माझ्या डोक्याएवढं उंच लिंबाचं झाड.

त्या लिंबावर बुलबुलांनी वाटीएवढं घरटं केलं आणि माझ्याच घरात मी पाहुणी झाले. धुणं न्हाणीघरात हलवलं. गिऱ्हाइकांनी पुढच्या दारानं यायचं आणि पुढच्याच दारानं जायचं. "मशीन जरा हळू चालव," हे तर मला दिवसातून दहादा ऐकावं लागे. हळू चालणारं मशीन मी अजून पाहिलेलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ताई लाल पेनानं नोंद ठेवायची: 'तीन अंडी.' 'तीन पिल्ले.' 'डोळे उघडले.' तारेवर कावळा बसला की तिचा घास हातातच राहायचा. शेजारणीचा पिवळा बोका भिंतीवरून फेरी मारायचा. त्याला आम्ही सुभेदार म्हणायचो. तो दिसला की ताई खिडकीतून टाळ्या वाजवायची, आणि तो असा बघायचा की जणू टाळ्या त्याच्या कौतुकालाच आहेत.

मी कुरकुर करायचे, पण खरं सांगायचं तर आतून घाबरलेही होते. पक्ष्यांसाठी नाही, तिच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी आपल्या आईच्या आठवणी लिहून छापायला दिल्या होत्या. आई त्यांना सारखी म्हणायची, "तुला उदंड औक्ष मिळो." ताईनं एकूण एक ठिकाणी 'औक्ष' खोडून 'आयुष्य' केलं. त्यांच्या छापखान्यात पद्धत होती, की एखादी दुरुस्ती चुकीची वाटली तर शब्दाखाली ठिपके द्यायचे आणि समासात 'असू दे' लिहायचं. म्हणजे आधीचंच बरोबर होतं. ताईला ते लिहायची वेळ क्वचितच यायची. या वेळी आली होती, पण तिला ती कळली नाही. पुस्तक छापून झाल्यावर पोस्टमास्तर ते घेऊन आले. "बाई, तुमचा शब्द शुद्ध आहे," ते म्हणाले, "पण माझी आई असं कधी बोललीच नाही हो." ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. ताईनं महिनाभरात काम सोडलं. तेव्हापासून ती गॅस तीनदा बघते, कुलूप चारदा ओढते, साधी चिठ्ठी लिहिली तरी मला विचारते, "हे बरोबर आहे ना गं?" मला! जिला दोन वह्या शुद्धलेखन लिहूनही शाळेतला मार काही चुकला नाही.

त्यानंतर ही पिल्लं म्हणजे तिनं आपणहून अंगावर घेतलेली पहिलीच गोष्ट. यात काही बिघडलं तर ती पुन्हा कशालाच हात लावणार नाही, हे मला दिसत होतं.

पिल्लं अंड्यांतून निघाल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, तेवढ्यात ती ओरडली, "पडलं! पिल्लू पडलं!" दगडाशेजारी एक गोळा बसला होता. शेपूट नावालाच, डोक्यावर तुऱ्याची नुसती सुरुवात. मी म्हटलं थांब, पण ऐकतेय कोण! तिनं आधी कॅलेंडरवर 'पिल्लू पडले' अशी नोंद केली, सवयच ती, मग पदराचं टोक हातात धरून बाहेर धावली, पिल्लू उचललं आणि घरट्यात ठेवलं. हात घरट्याशी गेला मात्र, उरलेली दोन्ही पिल्लं फटाक्यासारखी बाहेर उडाली. एक नळाच्या मोरीत गेलं, दुसरं धडपडत भिंतीपलीकडे. आत ठेवलेलंही पाठोपाठ खाली. ताई चिखलात गुडघ्यांवर बसून शोधत होती आणि वर तारेवर आईबाप जीव तोडून ओरडत होते.

दोन सापडली. माझा रिळांचा डबा रिकामा करून, अस्तराचं कापड घालून तिनं ती घरात आणली. दूधपाव पुढे केला. पिल्लांनी चोची घट्ट मिटल्या. तास गेला, दीड तास गेला. बाहेर आई चोचीत अळी धरून लिंबावर उड्या मारत होती.

"खात का नाहीत?" ताई मला विचारत होती. "मी काय करू? सांग ना, मी काय करू?"

मग मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिच्या कानाला दिला.

"अंगावर पिसं आलीत?" त्यांनी विचारलं. आवाज मलाही ऐकू येत होता.

"आलीत."

"बोट धरून उभी राहतात?"

"राहतात."

"मग ती पडली नाहीत बाई, उतरलीत. उडता येण्याआधी चार दिवस ती अशीच खाली, झुडपात असतात. आईबाप तिथेच भरवतात. जिथून उचललीत तिथे ठेवा आणि घरात जाऊन बसा."

ताईनं फोन खाली ठेवला. "एक शब्द," ती म्हणाली. "मी पुन्हा एक शब्द चुकीचा वाचला."

लिंबाखाली पिल्लं ठेवून ती आत आली आणि मी शेजारणीकडे गेले, बोक्याचं काहीतरी करायला. तिच्या पायरीवर चार-सहा मऊ पिसं पडली होती. मी पिसं चपलेखाली ओढली, पण ताई माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आलेली होती.

"पाय उचल," ती म्हणाली.

जिनं आयुष्यभर अनुस्वार शोधले तिच्यापासून काय लपवणार? मी पाय उचलला. ती रडली नाही. "मी हात घातला नसता तर त्यानं उडी मारली नसती," एवढंच बोलली आणि परत गेली. मला त्या क्षणी त्या डॉक्टरचा, बोक्याचा आणि जगातल्या सगळ्या छापखान्यांचा राग आला.

शेजारीण म्हणाली, "सुभेदाराला कोंडायचं? घर डोक्यावर घेईल हो तो!" मी तिचे तीन ब्लाउज फुकट सैल करून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे सुभेदार चार दिवसांच्या नजरकैदेत गेला. त्याच्या शिव्या आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायच्या.

आईबाप आले. पिल्लांना भरवू लागले. तरी ताई खुर्चीतून हलेना. मी ताट पुढे ठेवायचे, तासाभरानं तसंच उचलायचे. तिसऱ्या दिवशी मोठं पिल्लू भिंतीवर चढलं आणि उडून पलीकडच्या झाडात गेलं. धाकटं मागे राहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी ते लिंबाखालून चालत निघालं आणि भर उन्हात धुण्याच्या दगडावर येऊन बसलं. वर छाया नाही, जवळ झुडूप नाही. आई कुठे दिसेना. तारेवर कावळा येऊन बसला आणि त्यानं मान वाकडी केली.

ताई उठली. दाराच्या कडीवर तिचा हात गेला. मी मशीन थांबवलं. मलाच वाटत होतं की जावं, उचलावं, लिंबाखाली ठेवावं. दहा पावलांचं तर अंतर.

"जाऊ का?" तिनं विचारलं.

मला काय कळतंय? उत्तर चुकलं तर ते जन्मभर दोघींच्या डोक्यावर बसणार होतं. "तुला काय वाटतं?" मी म्हणाले. दोन वर्षांत मी तिला हे विचारलंच नव्हतं.

ती काचेतून बघत राहिली. वाचायची तशीच बघत होती, ओठ किंचित हलवत, एकेका अक्षरावर थांबत. कावळा हातभर पुढे सरकला. तिची बोटं कडीवर पांढरी पडली. "पाय बघ," ती हळूच म्हणाली. "घट्ट रोवलेत. पंख सैल सोडलेत. ते घाबरलेलं नाही गं. ते निघालंय."

तिनं कडी सोडली.

कावळा झेपावला आणि त्याच क्षणी आईबाप दोघंही कुठूनसे येऊन त्याच्या डोक्यावर तुटून पडले. मी डोळे मिटले, खोटं कशाला बोलू! उघडले तेव्हा दगड रिकामा होता. ताईनं माझा दंड धरून मला वळवलं. पिल्लू तारेवर होतं, तिथेच राहून गेलेल्या माझ्या टॉवेलशेजारी, झोकांड्या खात, पण तारेवर. थोड्या वेळानं तिथूनही गेलं.

ताईनं त्या दिवशी दोन वेळा वाढून घेतलं. मग लाल पेन घेऊन कॅलेंडरपाशी गेली. पंधरा दिवसांपूर्वीच्या 'तीन पिल्ले'ला तिनं हात लावला नाही. 'पिल्लू पडले' मधलं 'पडले' खोडलं आणि वर 'उतरले' लिहिलं. आणि आजच्या चौकोनात बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली. मी चष्मा लावून वाचली: 'दोघांना उदंड औक्ष मिळो.'

"ताई," मी म्हणाले, "शुद्धलेखन चुकलंय."

तिनं पेनाला टोपण लावलं. "असू दे," ती म्हणाली.