उन्हाचे डाग

हिराबाई आधी मारायची, मग बोलायची. वेसाव्याच्या उघड्या मासळीबाजारात भाव पाडून मागणाऱ्या एकाच्या तोंडावर तिने बांगडा फेकून मारलेला मी पाहिला आहे. वर म्हणाली, "आता त्योच ने, फुकट." एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत अंधेरीत माझा दवाखाना नवा होता आणि मला तिची चक्क भीती वाटायची.

एकदा ती हातांवरचे, गालांवरचे तपकिरी डाग दाखवायला आली. बाहेर गर्दी होती. "काही नाही, वय झालं," म्हणून मी तिला वाटेला लावलं.

महिन्याभराने आली ती दोन्ही हात फडक्यांत गुंडाळून. फडकं सोडवताना कातडीही निघाली. बाजारात शेजारी बसणाऱ्या यशोदाने गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, हिराला महारोग झालाय, तिच्या हातचं घेऊ नका. दोन दिवस टोपली भरलेलीच घरी गेली. हिराबाईने यशोदाला केस धरून फरफटवलं, तिचा ओठ फोडला, आणि घरी जाऊन चुना आणि धुण्याचा सोडा कालवून स्वतःच्या हातांवर थापला.

"जालून टाकले डाग," ती म्हणाली. "आता त येतील ना गिऱ्हाइकं?"

मी तिच्या पोलक्याची बाही वर सारली. झाकलेल्या दंडावर एकही डाग नव्हता. "हा महारोग नाही, हिराबाई. तीस वर्षांचं ऊन आहे. लांब बाह्या घाला, छत्री लावा, नवे कमी येतील."

"छत्रीखाली बसलं त लोक बोलतात, शिलं म्हावरं लपवलंय." मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "ह्ये मना तवाच का नाय सांगलंस, बाय? चल, बाजारात येऊन बोल."

मी गेले. सगळ्यांसमोर सांगितलं, आणि पुरावा म्हणून यशोदाचा हात वर धरला. तिच्याही हातावर तसेच डाग होते. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कुणीतरी म्हणालं, "हिलापण झालाय." एकाने यशोदाची टोपली लाथेने उडवली, दुसऱ्याने तिला चिखलात ढकललं.

हिराबाईने मासळी कापायचा कोयता उचलला. "उनाचं हाय. आयकलं नाय?"

माणसं मागे सरली. मी बांधलेल्या बँडेजमधून तिचं रक्त गळत होतं. त्याच हाताने तिने यशोदाला उठवलं. "उद्या लांब बाह्यांचं पोलकं घालून ये," म्हणाली. "नाय आलीस त परत मारीन."

यशोदा घालून आली. हिराबाईची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. कोयता धरता येईना, म्हणून वर्षभरात तिने बाजार सोडला. पहिल्याच दिवशी तिची बाही वर सारून बघायला मला एक मिनिट लागलं असतं. ते मी दिलं नाही.