प्रायमरवरचा पँथर

प्रायमरवर गाडी शेडबाहेर सोडायची नाही, हा शहाजी जगदाळ्याचा कायदा. दिघ्याला बसच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडमध्ये एकतीस वर्षं त्याने तो पाळला आणि मालकालाही पाळायला लावला. "तांबडा रेड ऑक्साइड म्हंजी गाडीचा परकर. त्यावर साडी नको व्हय?" असं तो म्हणायचा आणि नवी पोरं खिदळायची. एकदा मालक घाईला आला, बस तशीच काढा म्हणाला, तर शहाजी फाटकात आडवा उभा राहिला. बस गेली ती दुसऱ्या दिवशी, वरचे दोन्ही कोट अंगावर घेऊनच.

एवढं सोडलं तर माणूस गरीब. कोरेगावाकडून एकोणिसाव्या वर्षी आला, रंगाची गन धरायला शिकला, पुतळाशी लग्न केलं, केतन झाला. केतन सातव्या वर्षी शाळेच्या जिन्यावर पडायला लागला. शेजारणी म्हणाल्या नजर लागली, डॉक्टर म्हणाले स्नायू झिजतायत. दुर्दैवाने डॉक्टर बरोबर होते. बाराव्या वर्षी चाकांची खुर्ची आली.

त्याच वर्षी व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बोटांना चाळा म्हणून एक खोकं दिलं. त्यात रणगाड्याचे प्लॅस्टिकचे सुटे भाग. चिकटवले की वीतभर रणगाडा तयार, मग रंगवायचा. पोरगं त्यात बुडालं ते बुडालंच. आणि नाद कुठला, तर महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांचा.

"त्या मेल्यांच्या गाड्या कशाला रे रंगवतोस?" पुतळा विचारायची. "किती माणसं मारली त्यांनी!"

"हरले ना ते, मम्मी. आणि त्यांच्या विरुद्ध पार्टीच्या गाड्या बघ, सगळ्या एकाच हिरव्या. त्यात निवडायचं काय?"

एकोणिसाव्या वर्षी केतनचे हात गेले. तेव्हापासून रविवारी शहाजी त्याचे हात झाला. बारा मीटरची बस रंगवणारा गडी पेनाएवढी गन घेऊन जमिनीवर बसायचा आणि खुर्चीतून हुकूम सुटायचे. झाडीत लपायला गाडीवर पट्टे असायचे; ते कसे मारायचे हे गाडी कुठली, कुठल्या सालची, कुठे लढली यावर ठरायचं. कारखान्यातून ती नुसती पिवळी निघायची. हिरवा आणि तपकिरी रंग डब्यातून लगद्यासारखा यायचा आणि गाडीवरचे शिपाई तो मिळेल त्यात कालवून मारायचे, कधी पेट्रोलमध्ये, कधी पाण्यात.

"म्हंजी आपल्या शेडसारखंच," शहाजी म्हणाला होता. "थिनर संपला की आमची बी तीच गत."

त्या पिवळ्यावरून बापलेकांत फार वाजायचं. "पप्पा, ही बसची पिवळी झाली."

"मग कसली पायजे?"

"पिठल्याची. पण करपलेल्या."

"माझं पिठलं कधी करपत नाही," पुतळा आतून ओरडायची. तेव्हापासून त्या रंगाचं घरात नावच पडलं, करपलं पिठलं. एका रणगाड्यावर तर पानांतून ऊन सांडावं तसे ठिपके हवे होते. शहाजीने नऊ रविवार दात कोरायच्या काडीने ठिपके दिले. दहाव्या रविवारी केतन म्हणाला, "बरंय." शहाजी आठवडाभर खुशीत होता.

केतन चोविसाचा झाला आणि छातीने दगा द्यायला सुरुवात केली. दोनदा कफ भरला, दोनदा वाचला. नेरूळचे डॉक्टर म्हणाले, आता घशाला भोक पाडून नळी घालू, श्वासाचं मशीन कायमचं लावू. काही वर्षं मिळतील. नाहीतर पुढचा कफ शेवटचा.

"आवाज राहील?" केतनने विचारलं.

"बहुतेक जाईल."

सोमवारपर्यंत कळवायचं होतं. केतन घरी येऊन एवढंच म्हणाला, "आधी पँथर संपवू."

शहाजीला हायसं वाटलं. पोरगं काम काढतंय म्हणजे जगायचं म्हणतंय, असा त्याने हिशेब केला. पँथर म्हणजे जर्मनांचा एक रणगाडा. चिकटवून तयार असलेल्या त्या पँथरला शनिवारी त्याने तांबडा प्रायमर दिला आणि रविवारी सकाळी पिठलं कालवून बसला. नीट करपवलेलं.

"ते ठेवा," केतन म्हणाला. "फक्त हिरवा घ्या. चार पट्टे, लांब लांब. बाकी तसंच."

"तसंच म्हंजी? प्रायमर दिसंल की!"

"दिसू दे. युद्धाच्या शेवटी शेवटी त्यांना रंग पुरत नव्हता. प्रायमरवरच थोडे पट्टे मारून पाठवायचे."

"कोण पाठवंल असली गाडी? मी न्हाय मारणार. अर्धी गाडी बाहेर सोडायची न्हाय, सांगून ठेवतो!"

"अर्धी नाही, पप्पा. तेवढीच होती ती."

शहाजीने गन खाली ठेवली. पोराला बोलताना मधे थांबावं लागत होतं, तरी ते थांबून थांबून बोललंच.

"नळी नको मला. आवाज गेला, तर पिठलं करपलंय का नाही, ते कोण सांगणार तुम्हाला?"

"मी इच्चारीन. तू डोळं मिटून सांग. एकदा हो, दोनदा न्हाय."

"पाच वर्षं मी फक्त बोलतोय, पप्पा. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

पुतळा दारात उभी होती. ती आत गेली आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत बाहेर आली नाही. शहाजीने पिठल्याच्या डबीला झाकण लावलं आणि हिरवा घेतला.

"पहिला पट्टा कुठून?"

"तोफेखालून. कडा मऊ ठेवा. हां. आता जरा मागे."

सोमवारी शहाजीने शेडमधून दवाखान्यात फोन केला. "आम्ही येत न्हाय," म्हणाला आणि बसच्या पत्र्यावरच्या खाचांत लांबी भरायला गेला.

पावसाळ्यात कफ भरला. चौथ्या दिवशी केतन गेला.

तेराव्याला शेडमधली माणसं आली. दत्तू पेंटर शहाजीच्याच हाताखाली शिकलेला. उगाच काही बोलायला हवं म्हणून तो फ्रिजवरच्या पँथरकडे बघून म्हणाला, "उस्ताद, हे प्रायमरवरच राहिलं की. द्या माझ्याकडं, दोन कोट मारून आणतो. पोराचं काम पुरं होईल."

"हात लावू नगंस," शहाजी म्हणाला.

"अवो, पण तुमचाच कायदा..."

"पुरी हाय ती गाडी. बस खाली, चहा घे."