रुमालाखालचा हात

तात्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला आणि माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातावर टाकला.

तो हात मेलेला होता. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा. त्याच्यावर माशी बसली तरी मीच हाकलायची. तात्यांना हे ठाऊक होतं. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

आमच्याकडच्या शेळ्या-बोकडांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. विकणारा आणि दलाल रुमालाखाली हातात हात घेतात. बोटं दाबायची, सोडायची. किती बोटं, किती वेळा, त्यावर भाव ठरतो. शेजारच्याला काही कळत नाही. मग तोच दलाल घेणाऱ्याचा हात धरतो, त्याच रुमालाखाली, आणि तिथे वेगळीच बोटं दाबतो. मधलं उरतं ते त्याचं. आणि तात्या त्या बाजारातले सगळ्यात मोठे दलाल. घरचा ऊस, घरचे ट्रॅक्टर, बाजाराच्या जागेवरही त्यांचाच शब्द. बाजार रहिमतपूरच्या पलीकडचा आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मला अजून तिथे जायचं आहे.

ईद जवळ आली होती. टेम्पोशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत आमचे हे बसलेले, बाजूला मी दावी धरून उभी. तात्या उकिडवे बसले आणि रुमालाखाली हात घातला. रुमाल हलत होता. एकाच बाजूने.

मी म्हणाले, "आवं तात्या, त्या हाताला काय कळत न्हाई."

"भाभी, बाप्यांचा येव्हार हाय. तुमी दावी धरा."

"पर भाव तर सांगा."

"तुमाला सांगू? का तुमचा हात घेऊ रुमालाखाली?"

भोवतीची माणसं हसली. एकजण तर पोट धरून. तात्यांनी ह्यांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "काय मुबारकभाई, पक्कं?"

"हां," हे म्हणाले.

इथे सांगायला हवं. अर्धांगवायूने ह्यांचे सगळे शब्द नेले, एवढा एकच ठेवला. चहा पाहिजे? हां. चहा नको? हां. मी चुकले का? हां. तुम्ही चुकलात का? हां. उभ्या संसारात मला जो होकार मिळाला नव्हता तो आता दिवसभर मिळत होता. मी हे नातेवाइकांना सांगून हसवायची. आमच्यात लग्न असो की बारसं, माणसं मला मधे बसवतात आणि म्हणतात, खाला, काहीतरी सांगा. मीही सांगते. जाड बाईने स्वतःवर विनोद केले की लोकांना बरं वाटतं.

तर हां झालं. सौदा झाला. माणसं दावी सोडायला लागली. मी हात पुढे केला होता, पण तात्यांनी नोटा ह्यांच्या खिशात कोंबल्या. ह्यांचे डोळे माझ्यावर होते. तोंड वेडंवाकडं होत होतं. त्यांना दुसरा कुठला तरी शब्द पाहिजे होता.

आणि मी काय केलं? मी हसले. सगळे हसत होते म्हणून. सवय.

जनावरं गेली. त्यातले दोन बोकड शांताआक्कांचे होते, आमच्याकडे विकायला दिलेले. आक्का आमच्याच गल्लीतल्या, शेरडं पाळून पोट भरणाऱ्या. दिवसभर बांधावर, पाठीवर पाल्याचा भारा. संध्याकाळी टेम्पो थांबला तशा पदराला हात पुसत आल्या.

"काय भाव लागला गं?"

मला सांगता येईना. खिशातले पैसे होते, पण कुठल्या जनावराला काय आलं, का आलं, काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आक्का, फसवलं बघा. ह्यांचा हात चालत न्हाई न्हवं."

आक्का तोंडात मिश्री फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात चालत हुता तवा तरी आमाला कुठं कळत हुतं?"

एवढं बोलून गेल्या.

रात्रभर ते वाक्य डोक्यात. कारण खरं होतं. आमचे हे सुद्धा गल्लीतली जनावरं गोळा करून विकायचे, बाजारात रुमाल घेऊन जायचे. आक्कांकडून जनावर घेताना आक्कांच्या दिराचा हात धरायचे. आक्कांचा नाही. बोकडाला रोग झाला की रात्र जागायची बाईने, भावाची बोटं मोजायची पुरुषांनी. आणि तो रुमाल आमच्याच दांडीवर वाळायचा. मीच धुवायचे. साबण लावून.

वजनाचा काटा मी साताऱ्याहून आणला. जनावर उभं राहील एवढा, लोखंडी पाट असलेला. आक्कांच्या अंगणात ठेवला. पहिल्या दिवशी गल्लीतल्या बाया शेरडं सोडून स्वतःच चढल्या. मलाही चढवलं. आकडा बघून आक्का म्हणाल्या, "हिला ईदंला लय भाव येतोय बघा." मी पण हसले. हे हसणं वेगळं होतं.

पद्धत साधी ठेवली. जनावर काट्यावर. आकडा सगळ्यांनी बघायचा. किलोचा भाव मोठ्याने बोलायचा. पैसे जिने पाळलं तिच्या हातात. लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्याच होत्या, म्हणून दर बाजारच्या आदल्या संध्याकाळी मी फोनवर बोलून भाव पाठवायला लागले. माझा आवाज मूळचाच दणदणीत. ह्यांचे वडील म्हणायचे, सुनेला फोनची गरज नाही, नुसती खिडकी उघडा. तो आवाज आता वाडीवाडीतल्या बायांच्या फोनमधून वाजायला लागला. एकीचं ऐकून दुसरी विचारायची, दुसरीचं ऐकून तिसरी. कुणाचं जनावर कधी निघायचं, कुणाचं थांबवायचं, हे आम्ही आक्कांच्या ओट्यावर बसून ठरवत होतो. मालकीण कोण, तर ज्या बसल्या त्या सगळ्या. मला कुणी मॅडम म्हणालं तर आक्का खोकायच्या.

मग तो काटा घेऊन मी बाजारात गेले. सांगली-मिरजेकडचे घेणारे होते. त्यांना बरं वाटलं. वजन दिसतंय, भाव ऐकू येतोय. ज्यांचा आमच्याशी संबंध नव्हता ते शेतकरीही येऊन उभे राहिले. एक म्हातारा दलालाच्या रुमालातून हात काढून घेऊन आमच्याकडे चालत आला.

तात्या लांब लिंबाखाली उभे होते. रुमालाची घडी घातली, ती खांद्यावर ठेवली आणि बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

त्यानंतर काय काय होत गेलं ते मोठं नव्हतं. टेम्पोवाला फोन उचलेना. बाजारातल्या हौदापाशी आमची जनावरं नेली की पाणी संपलेलं असायचं. पेंडवाला म्हणाला, "भाभी, माल न्हाई," आणि त्याच्या मागे पोती दिसत होती. दिवेलागणीला एक मोटारसायकल गल्लीत येऊन थांबायची. गाडी चालूच. वर बसलेला खाली उतरायचा नाही. कुत्रीही भुंकायची थांबली. एकदा त्याने शेजारणीला विचारलं, "भाभींच्या घरात रातच्याला कोण कोण असतंय?"

मग एका सकाळी आक्कांच्या दारातला बोकड आडवा. तोंडाला फेस, पाय ताठ. डॉक्टर म्हणाले, काहीतरी खाल्लंय. आम्ही घातलेलं नव्हतं. आक्कांनी त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि अंगणभर नजर टाकली. बाया भोवती जमल्या होत्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी आली नाही. तिच्या नवऱ्याने निरोप पाठवला, आमची जनावरं आमी बघू.

आणि मग तात्या स्वतः घरी आले. पेशंटला बघायला म्हणून. हातात सफरचंदांची पिशवी. मी पाणी दिलं. ते ह्यांच्याशीच बोलत होते. माझ्याकडे अर्धी पाठ.

"मुबारकभाई, तुमच्या घराला आमी कवा परकं मानलं न्हाई. तुमच्या जनावराला चांगला भाव दिऊ. तुमच्या एकट्याला. बाकीच्या बायकांचं लोढणं सोडा. काटा घरात ठिवा. घरातल्या माणसाला समजावून सांगा."

हे माझ्याकडे बघायला लागले. ओठ हलायला लागले. मी मधे जाऊन उभी राहिले.

"माझ्याशी बोला, तात्या."

"तुमच्याशी काय बोलायचं? तुमाला धंद्यातलं काय कळतंय?"

"एवढंच कळतंय, की माझ्या काट्यावर तुमी तुमचा रुमाल टाकू शकत न्हाई."

तात्या हसले. शांतपणे. पाणी पूर्ण प्यायले, पेला नीट खाली ठेवला. उठताना म्हणाले, "बाजार आमचा हाय, भाभी. पुढच्या बाजारी काटा आणलासा, तर पुढं काय झालं त्याला आमी जबाबदार न्हाई. तुमच्या ह्यांना उठून पळता येत न्हाई, तेवढं ध्यानात ठिवा."

सफरचंदं मी शेरडांनाही घातली नाहीत. परसात पुरली.

उद्या तो बाजार आहे. पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी ठेवून घेतला. टेम्पो मिळालेला नाही. आक्का म्हणतात, पायांनी जाऊ, शेरडांना चाकं कुठं असतात. अंधारात निघायचं, काटा हातगाडीवर. किती बाया येतील ते माहीत नाही. भावाचा निरोप मी मघाशी पाठवला. आवाज थोडा कापला, पुन्हा बोलून पाठवला. ह्यांच्यापाशी शेजारीण बसणार आहे, आतून कडी लावून.

भीती वाटते. नातेवाइकांना मी यावरही काहीतरी विनोद करून सांगेन असं वाटलं होतं. सुचला नाही.

काटा फोडला तर दुसरा आणीन. मला पाडलं तर आक्का ओरडतील, त्यांना भाव पाठ आहे. आक्कांना गप्प केलं तर तिसरी. भाव उघड्यावर होईल, मोठ्याने होईल. आमच्यातल्या एकीचंही जनावर यापुढे रुमालाखाली विकलं जाणार नाही.