पंखा एकवर

सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. करावे गावातल्या माझ्या आत्याने गायलेलं लग्नाचं पारंपरिक गाणं, धवला, मी तिथे चार दिवस मिक्स करत होतो. आवाज फुल केला की ढोल थेट छातीत वाजायचा आणि मी खूश व्हायचो. आत्या मात्र ऐकून म्हणाली, "ढोल भारी हाय रं. पन मी कुठं हाय?" मला रागच आला.

त्याच रविवारी पंखा कुरकुरतो म्हणून एका मेकॅनिकला बोलावलं. एरवी तो पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला होता. आल्या आल्या त्याने माझं गाणं बंद करायला लावलं. मग "कान जरा निवू द्या," म्हणत स्टुलावर दोन मिनिटं नुसता बसून राहिला. पाण्याचा ग्लाससुद्धा तसाच हातात. नंतर उठून त्याने रेग्युलेटर एकवर ठेवला आणि डोळे मिटले.

"फुलवर लावून बघा ना," मी म्हणालो.

"फुलवर काय, सगळेच पंखे चांगले वाटतात, साहेब. खराबी एकवर ऐकायला येते."

बेअरिंग बदलून तो गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मग मीही दोन मिनिटं गप्प बसलो आणि धवला अगदी बारीक आवाजात लावला. नुसता ढोल होता. आत्या खरंच कुठे नव्हती. मुकाट्याने ढोल खाली घेतला, तिचा आवाज वर आणला.

संध्याकाळी तिला पुन्हा ऐकवला. या वेळी ती पदर सावरून बसली आणि स्वतःच्याच आवाजाबरोबर गाऊ लागली.