अंगठा न उमटणारे साहेब

हजर असून गैरहजर राहण्याची विद्या आमच्या साहेबांइतकी अख्ख्या चाकण पट्ट्यात कुणाला साधली नसेल. पत्र्याच्या पार्टची कड खरखरीत राहिली आहे का, हे तीस वर्षं चाचपून चाचपून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. गेटवरचं हजेरीचं मशिन रोज त्यांना 'प्लीज ट्राय अगेन' म्हणायचं, आणि ऑफिसातल्या मॅडम त्यांच्याकडे बघतच सांगायच्या, "साहेब, तुम्ही आजही आलेले नाही." आत मात्र साहेब नाहीत अशी जागा नव्हती. हातात वाईट पीस आला की माझ्या मानेवर काटा यायचा. वळून बघावं तर साहेब मागे उभे! एवढे जड सेफ्टी शूज घालून माणूस बिनआवाज चालतो कसा, हे कुणालाच कळलं नाही. मशिनचंच खरं असावं, अशी मला कधीकधी शंका यायची.

मी नावाला इन्स्पेक्टर, पण त्यांचा अंगठा फिरल्याशिवाय एक पीस पुढे सोडायची माझी छाती नव्हती. ते कँटीनमध्ये जेवत असले तरी मी पीस घेऊन समोर उभा. एकदा घास खाली ठेवून म्हणाले, "तुजा अंगठा काय फकस्त मोबाईलसाठी हाय का?" आणि त्याच दुपारी गेटवर सांगून टाकलं, की आजपासून मालाची गाडी त्यांच्या नाही, माझ्या शब्दावर सुटेल.

पहिलीच गाडी ब्रेकच्या पार्टची. उगाच थांबवली तर माझी नोकरी, चुकून सोडली तर कुणाचा तरी ब्रेक. मी डोळे मिटून कड चाचपली. काही नाही. पुन्हा चाचपली, तर केसाएवढं काहीतरी लागलं. मानेवर काटा आला.

"साहेब, बघता का जरा?"

मागून गार आवाज आला, "मी आज आलोच न्हाई. मशिनला इचार."

मी गेटवर जाऊन गाडी थांबवली. प्लांटचे मोठे साहेब लालबुंद होऊन आले, तेव्हा आमचे साहेब एवढंच म्हणाले, "त्यानं थांबवली म्हंजी थांबली." तो पीस त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. मला तिथेच रडू आलं असतं.

साहेबांना रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली, मोशीला असतात. गेल्या सोमवारी मशिन मला म्हणालं, 'प्लीज ट्राय अगेन.' तीनदा अंगठा पुसून लावला, तीनदा तेच. तिथूनच त्यांना फोन लावून सांगितलं, की माझ्याही अंगठ्यावरच्या रेषा गेल्या.  पलीकडून अगदी मानेपाशी बोलल्यासारखा आवाज आला, "आलास व्हय एकदाचा!"

मी चटकन मागे वळलो. कुणी नव्हतं, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.