फौजीच्या बायकोचं रुखवत

आमच्या कोरेगावकडच्या गावात फौजी एसटीतून उतरला की पारावरची माणसं आधी विचारतात, "कवा आलास?" आणि त्यालाच जोडून, "माघारी कवा जायाचं?" पाणी नंतर विचारतील. आमच्या ह्यांना कायमचं घरी येऊन वर्ष उलटलं, तरी तो प्रश्न सुटलेला नाही. गावाचं सोडा, मीच त्यांना सुट्टीवरचं करून ठेवलंय.

मी रुखवत करते. लग्नात नवरीकडचे मांडतात ते. सुपारीचे नवरा-नवरी, खोबऱ्याच्या वाट्यांची बैलगाडी, मण्यांचं तुळशीवृंदावन. पूर्वी मावश्या-आत्या जमून करायच्या, आता फोनवरून मागवतात. सुरुवातीला मला कुत्रं विचारत नव्हतं. मग कराडच्या एका शिबिरात कोट घातलेले सर म्हणाले, "स्वतःची खरी गोष्ट सांगा. लोक वस्तू घेत नाहीत, माणूस घेतात." खरी गोष्ट माझ्याकडं होती. नवरा बर्फात आणि मी इथं दुसऱ्यांचे संसार मांडत बसलेली. कॅमेऱ्यापुढं सुपारीला मुंडावळ्या बांधता बांधता मी ह्यांच्याशीच बोलायचे, "आवं, जेवलासा का?" त्यात खोटं काही नव्हतं. लोकांनी मला डोक्यावर घेतलं.

मग हे निवृत्त होऊन आले. दारात ट्रंक ठेवली तेव्हा मी रडले, त्याचाही व्हिडिओ टाकला. खाली बायकांनी लिहिलं, 'वहिनी, किती दिवसांची सुट्टी?' कायमचे आलेत, असं मी उत्तर दिलं, पण ते कोण वाचतंय! पुढचे व्हिडिओ आम्ही दोघांनी मिळून केले. हे हौसेनं शेजारी बसून डिंक लावायचे. एकही चालला नाही. 'वहिनी, पहिल्यासारखं करा ना,' असं एकीनं लिहिलं. ऑर्डरी आटल्या. माझ्याकडं कामाला येणाऱ्या बायका नुसत्या बसून परत जायला लागल्या. मी घाबरले आणि पहिल्यासारखं करायला लागले.

आता व्हिडिओच्या वेळी हे स्वयंपाकघरात बसतात. त्यांच्या चपला मी पलंगाखाली सारते. एकदा ते आतून खोकले आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मी त्यांच्यावर खेकसले, आणि मग डोळे पुसून कॅमेऱ्यापुढं त्यांची आठवण काढत बसले. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झालीय. मला ह्या बाईचा, म्हणजे त्या व्हिडिओतल्या माझाच, वीट आलाय.

मागच्या लग्नसराईत सांगलीहून एक नवरी मुलगी आईला घेऊन स्वतःच रुखवत न्यायला आली. तिचा होणारा नवराही फौजी. हे ओसरीत खोक्यांना सुतळी बांधत बसले होते. अंगावर वर्दी नाही, दाढी वाढलेली, तिनं ओळखलं नाही.

"ताई, तुमचे मिस्टर सध्या कुठं असतात हो?" ती म्हणाली. "मी तुमचे व्हिडिओ बघूनच लग्नाला हो म्हटलं. म्हटलं, ह्या राहू शकतात तर मीही राहीन."

खरं सांगून टाकावं असं मनात येतंय, तोवर हेच खालमानेनं म्हणाले, "सायेब लांब हायेत, पार वरच्या अंगाला. थंडी लय हाय म्हणं तिकडं."

मुलीचे डोळे भरून आले. तिची आई ह्यांना म्हणाली, "दादा, खोकं जरा जपून उचला, आत काचेचं आहे." ह्यांनी मान डोलावली आणि एकेक खोकं गाडीत नेऊन ठेवलं.

गाडी गेल्यावर मी विचारलं, "असं का बोललासा?"

"पोरीचा धीर कशाला मोडायचा?" उरलेली सुतळी गुंडाळत ते म्हणाले. चपला त्यांनी आपण होऊनच पलंगाखाली सारल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "फकस्त एक सांगून ठेव. फुडच्या येळी कुणी इचारलं, सायेब घरी कवा येणार, तर म्या काय सांगू?"